जपणे आणि जाणणे

ज्याच्यावर आपली माया आहे त्याचे कल्याण साधण्यास ती माया एकटी पुरेशी आहे काय? हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत जितका खरा आहे, तितकाच खिडकीतल्या एखाद्या कुंडीपाशीही खरा आहे. अलीकडे शहरांतील घरांत फुललेल्या ऑर्किडची, म्हणजे आमरीची, कुंडी भेटीदाखल येऊ लागली आहे. ही आमरी बहुधा 'फॅलेनॉप्सिस' प्रजातीची असते. पतंगासारखी दिसणारी, असा या ग्रीक नावाचा अर्थ असून ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते १८२५ साली योजिले. तिचा तुरा दोन-तीन महिने टिकतो. घरची मंडळी हौसेने रोज पाणी घालतात, आणि फुले गळून गेल्यावर काही काळाने झाडही जाते. उपेक्षेपेक्षा अगत्यानेच ते अधिक वेळा दगावते.

याचे कारण तिच्या स्वभावात आहे. इंडोनेशिया, फिलिपाईन्स आदी प्रदेशांतील अरण्यांत ही वनस्पती जमिनीत न रुजता झाडांच्या खोडांना व फांद्यांना बिलगून वाढते; आपल्या सह्याद्रीतील सीतेची वेणी वाढते तशीच. तिला कोणी बांडगूळ म्हणेल, तर ते अन्यायाचे होईल. बांडगूळ झाडाचा रस शोषते. आमरी त्याच्याकडून केवळ आसरा घेते. तिच्या मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे वेष्टन असते. पावसाची सर आली की ते पाणी टिपते आणि मूळ हिरवे दिसू लागते. वाऱ्याने सुकले की ते पुन्हा रुपेरी होते. भिजणे आणि सुकणे यांच्या आवर्तनावर तिचे जीवित अवलंबून आहे. अशी मुळे मातीत गाडून नित्य ओली ठेवली म्हणजे त्यांना हवा मिळत नाही व ती कुजतात. म्हणून जाणते लोक तिला झाडाच्या सालीच्या तुकड्यांत लावतात, आणि मुळे रुपेरी झाल्यावरच पाणी देतात.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात असाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर घडला. आमरी उष्ण देशांतून येतात, तेव्हा त्यांना उष्णता व दमटपणा हवा, अशा समजुतीने हौशी धनिकांनी त्यांना तापविलेल्या बंद काचघरांत कोंडले, आणि असंख्य झाडे मेली. वस्तुतः त्यांपैकी कित्येक थंड डोंगरांवरून आणलेली होती. पुढे चॅट्सवर्थ येथील जोसेफ पॅक्स्टन प्रभृती माळ्यांनी काचघरांत वारा खेळू दिला, तेव्हा ती तग धरू लागली. त्या धनिकांचे आमरींवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? परंतु त्यांचे प्रेम त्यांच्या कल्पनेतील आमरीवर होते. समोरच्या आमरीशी त्यांची ओळखच झालेली नव्हती.

येथे कोणी म्हणेल, हेतू शुद्ध असता दोष कसला? अज्ञान हे पाप नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु जाणून घेणे शक्य असताही जी जाणून घेत नाही, त्या मायेची शुद्धता तपासून पाहिली पाहिजे. रोज पाणी ओतल्याने तहान भागते ती बहुधा ओतणाऱ्याची. आपण काही केले, हे समाधान त्याला हवे असते, आणि हात आवरून धरण्यात ते मिळत नाही. देण्यात त्याग आहे असे आपण मानतो. पुष्कळदा न देण्यास त्याहून मोठा त्याग लागतो.

मग ज्ञान हेच सर्वस्व काय? तसेही नाही. आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म. त्यात अन्नाचा साठा नसतो, आणि निसर्गात ते बुरशीच्या साहाय्यावाचून रुजत नाही. अमेरिकेतील लुईस नडसन यांनी १९२२ साली ते बुरशीवाचून साखरयुक्त पोषकावर रुजवून दाखविले. आज तैवान व नेदरलंड्स येथील काचघरांत फॅलेनॉप्सिसची रोपे प्रचंड संख्येने तयार होतात. काही आठवडे थोडा गारवा मिळाल्यावाचून तिला तुरा येत नाही, हे जाणून तेथे उष्णतामान नेमके राखले जाते. ज्ञानात काही उणे नाही. तथापि तेथे झाड हा माल आहे. शिवाय ज्ञान सामान्य नियम सांगते. आठवड्यातून एकदा पाणी द्यावे, हा नियम पुण्याच्या वैशाखात अपुरा पडेल, तर कोकणातील श्रावणात घातक ठरेल. या खिडकीत, आज, या मुळाला पाणी हवे की नको, हे कळण्यास वाकून पाहावे लागते. आणि रोज वाकून पाहण्याचे कष्ट मायेवाचून कोणी घेत नाही. आमच्या मते मायेचे पहिले काम पाहणे हे होय. देणे त्याच्या मागाहून येते.

मनुष्य म्हणजे वनस्पती नव्हे, आणि हा दृष्टान्त फार ताणू नये. तथापि मुलाची प्रत्येक घटका शिकवण्यांनी भरून टाकणारे आईबाप, किंवा 'आता तुम्ही स्वस्थ बसा' असे म्हणून वृद्ध वडिलांच्या हातून त्यांची नित्याची कामे काढून घेणारा मुलगा, यांनी त्याचा थोडा विचार करावा. त्यांच्या प्रेमाविषयी आम्हांस शंका नाही. आमरीला वाचा नाही, म्हणून तिची मुळे पाहावी लागतात. माणसाला तर विचारताही येते. तेवढे विचारण्याची सवड आपण घेत नसू, तर आपण जपतो ते त्यांना की आपल्या मनाच्या समाधानाला, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा.