घोड्याचे ऋण

॥ रामकृष्णहरि ॥

सज्जनहो, मागल्या आषाढीनंतर एका गावी कीर्तन आटोपले आणि एक माळकरी शेतकरी जवळ येऊन बसला. त्याच्या पोराला बांधावर घोणस चावली होती. दवाखान्यात लस टोचली, पोर वाचले. तो म्हणाला, "महाराज, ती लस घोड्याच्या रक्तापासून करतात म्हणे. गळ्यात तुळशीची माळ, आणि अंगात हे! पाप तर नाही ना लागलं?"

प्रश्न साधा नाही. रिंगणात माउलींच्या अश्वाच्या टापांखालची माती आपण कपाळी लावतो. आणि इकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे विष घोड्याला थोडे थोडे टोचतात. त्याचा देह विषाशी झगडतो. मग रक्त काढून त्यातला विष मारणारा अंश वेगळा करतात. त्या औषधाचे बळ उंदरांवर तपासतात. त्यात कितीक उंदीर मरतात.

यावर जगात मोठा वाद आहे. एक पक्ष म्हणतो, मुक्या जिवाला पीडा देऊन मिळवलेले आरोग्य नको. दुसरा विचारतो, मग मरणाऱ्या लेकराच्या आईला काय सांगायचे? दोघांच्याही तोंडी दयाच आहे.

नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा आपण नित्य ऐकतो. पण ध्यानात घ्या, नाथांनी आपले दिले. आपण इथे घोड्याचे घेतो. म्हणून याला पुण्य म्हणू नये. हे ऋण आहे. मुंबईच्या प्लेगात हाफकिनसाहेबांनी लस आधी सशांवर पाहिली, पण माणसांना देण्यापूर्वी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. घेणाऱ्याने आपलाही देह पुढे केला.

ऋण फेडावे कसे? आपल्याकडचा १९६० चा कायदा सांगतो : टाळता येतील ते प्रयोग टाळा, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नका, शस्त्रक्रियेत भूल द्या. २०२३ साली औषधांच्या नियमांत प्राण्यांवाचून करायच्या चाचण्यांनाही जागा मिळाली. घोड्याविना असे औषध करण्याचे संशोधनही चालू आहे. नवा मार्ग खात्रीचा ठरला की, जुना स्वस्त पडतो म्हणून धरून बसू नये.

पण शास्त्रज्ञांकडे बोट दाखवण्याआधी आपला गोठा पाहा. बैलाचा खांदा सुजला असता जो त्याला जुंपतो, त्याने प्रयोगशाळेला काय बोल लावावा? आणि रात्री रानात जाताना बॅटरी न्या, पायांत बूट घाला, भुईवर न निजता खाटेवर मच्छरदाणीत निजा. दंश झालाच तर मांत्रिकापाशी वेळ न दवडता दवाखाना गाठा. दंश जितके कमी, तितके घोड्याचे रक्त कमी लागेल. हीही भूतदयाच.

त्या शेतकऱ्याला एवढेच म्हणालो, "माउली, पाप म्हणून झुरू नका, आणि पोर वाचलं म्हणून विसरूही नका. रिंगणातली माती कपाळी लावाल, तेव्हा त्या न पाहिलेल्या घोड्यालाही हात जोडा."

॥ रामकृष्णहरि ॥