मोजके ध्वनी

पापुआ न्यू गिनीतल्या बोगनव्हिल बेटाच्या डोंगराळ भागात रोटोकास भाषा बोलली जाते. बोलणारे काही हजार. तिच्या मध्य बोलीत स्वर पाच, तेही ऱ्हस्व आणि दीर्घ. व्यंजने मात्र सहाच : प, त, क, व, र, ग. ‘त’ पुढे ‘इ’ आली की त्याचा ‘स’ होतो. ‘व’ कधी ‘ब’सारखा, ‘र’ कधी ‘द’ किंवा ‘ल’सारखा कानी येतो, पण शब्दाचा अर्थ जागचा हलत नाही. जोडाक्षर नाहीच.

आणि म नाही, न नाही. आपल्या वर्णमालेत प्रत्येक वर्गाच्या शेवटी एक अनुनासिक हक्काने बसलेले असते, त्यामुळे हे ऐकून आपण चमकतो. जगातल्या बहुतेक भाषांनाही नाकातून येणाऱ्या व्यंजनांवाचून चालत नाही.

इर्विन आणि जॅकलिन फर्चो यांनी १९६९ साली या ध्वनींवर लेख लिहिला. त्यातले एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. कुणी परका माणूस रोटोकास कशी बोलतो याची नक्कल करताना तिथले लोक म, न सहज उच्चारतात! म्हणजे जिभेला ते जड नाहीत, कानाला अनोळखी नाहीत. फक्त त्यांच्या जोरावर दोन शब्द वेगळे करायचे नाहीत, हे त्या समाजाचे आपसांत ठरून गेले आहे. भाषेतला ध्वनी या ठरण्यातून जन्मतो, हे एवढ्या लख्खपणे दाखवणारी उदाहरणे थोडी.

अशा भाषेला ‘आदिम’ म्हणून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो. तो चुकीचा आणि अन्यायाचाही आहे. याच भाषेच्या आइता बोलीत अनुनासिके शाबूत आहेत, आणि तिथे म, ब यांतला फरक अर्थ बदलतो. दोन्ही बोली ताडून स्टुअर्ट रॉबिन्सन यांनी २००६ साली मांडले, की मूळ भाषेत अनुनासिके होती, मध्य बोलीने ती पुढे सोडली. कमी ध्वनींचा हा संसार पिढ्यान्‌पिढ्यांच्या बोलण्यातून घडत आला आहे.

शिवाय व्याकरण मुळीच तुटपुंजे नाही. कर्ता दाखवणाऱ्या प्रत्ययांचे दोन स्वतंत्र संच आहेत आणि कोणत्या क्रियापदाने कोणता घ्यायचा याचे उत्तर सरळ नाही. रॉबिन्सन यांना २०११ मध्ये त्यावर अख्खा प्रबंध लिहावा लागला. तिथली मुले मात्र हे सगळे खेळता खेळता शिकतात.