हा लॅपटॉप अजून किती वर्षं?

बारामती-इंदापूर पट्ट्यात जुना लॅपटॉप घेणारे ओळखीचे लोक मला हमखास विचारतात, "दादा, किती वर्षं चालेल?" प्रश्न यंत्राबद्दल असतो, उत्तर देताना मला कंपनीचं मन ओळखावं लागतं.

विंडोज ११ चंच बघा. २०२१ मध्ये ती आली तेव्हा इंटेलचे साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर यादीबाहेर राहिले. कारण दिलं सुरक्षेचं, आणि ते खोटंही नाही. पण हवी ती टीपीएम २.० चिप असलेले सातव्या पिढीचे लॅपटॉपसुद्धा बाहेरच राहिले. त्याच पिढीतला आय-सेव्हन ७८२०एचक्यू मात्र आत आला. तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये होता! याउलट, २०२४ च्या आवृत्तीला प्रोसेसरकडून पॉपकाउंट नावाची एक सूचना लागतेच. ज्याला ती येत नाही, त्यावर विंडोज सुरूच होत नाही. हे झालं 'चालू शकत नाही'. आधीचं होतं 'चालू देत नाही'. ग्राहकाला दोन्ही एकाच वाक्यात सांगितलं जातं, माझा आक्षेप तिथे आहे.

आमच्याकडे उसाची लागण तुटली की खोडवा ठेवतात, काहीजण निडवाही. फुटवे किती, नांग्या किती, हे बघून शेतकरी ऊस मोडायचं ठरवतो. बेणं विकणारा येऊन "आता मोडा" म्हणाला, तर त्याला बांधावरूनच परत पाठवतील. सॉफ्टवेअरमध्ये बेणंवाल्याचंच चालतं. (माझं पोटही त्याच धंद्यावर आहे.) जुन्या मशीनवर प्रत्येक बदल तपासायला माणसं लागतात, त्यामुळे कंपनीने कुठेतरी थांबणं मला मान्य आहे. पण औषधाच्या पाकिटावर तारीख असते, तशी लॅपटॉपच्या खोक्यावर का नसावी?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच सुमारास इंदापूरच्या एका मुलीने मला सातव्या पिढीचा लॅपटॉप दाखवला. आईच्या भिशीचे पैसे होते. मी म्हणालो, "यंत्र चांगलंय, पाच वर्षं सहज जाईल. लिनक्स टाकून देतो, फुकट आहे."

"त्यात एक्सेल चालतं?"

"एक्सेलसारखं आहे."

"क्लासच्या परीक्षेत एक्सेलच असतं, दादा," ती म्हणाली आणि दुकानदाराला आठव्या पिढीच्या लॅपटॉपचा भाव विचारायला लागली.