शिकाऱ्यासाठी बोध

परभणी जिल्ह्यात गळ टाकून बसायची हौस असलेल्यांचे रविवार पाण्यावर जातात. पेडगाव परिसरातून कुणी दुधनेच्या डोहावर जातं, कुणी सेलूजवळच्या निम्न दुधना धरणावर, आणि लांब जायची तयारी असली तर पूर्णेवरच्या येलदरीला. क्लब म्हणावं तर बोर्ड नाही की पावतीपुस्तक नाही. चार मोटारसायकली, काठ्या, डब्यात माती घालून ठेवलेली गांडुळं आणि चहाचा थर्मास, एवढीच संस्था. तलाव ज्या मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असेल तिथल्या भोई मंडळींना विचारायचं आणि उजाडायच्या आत काठ धरायचा. खोल पाण्यात रोहू-कटला असतात, पण गळवाल्याचा जीव अडकतो तो मरळीत. उथळ, गवताळ काठाला ती दबा धरून बसते आणि बेडूक हलला की झेप घेते. अमेरिकेतले गळवाले ज्या बास माशासाठी तलाव पालथे घालतात, त्याचीही रीत हीच.

रोहू-कटला पुराच्या वाहत्या पाण्यात लाखो अंडी सोडून मोकळे होतात. साठलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. म्हणून १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची वीण घडवून आणली. आज धरणांत सोडली जाणारी बोटुकली त्याच वाटेने येते. मरळीचा संसार निराळा. पावसाळ्यात जोडी काठच्या गवतात जागा साफ करते. पिवळसर अंडी पाण्यावर तरंगतात, दिवस-दीड दिवसात पिल्लं निघतात आणि मग राखणीला बहुधा नर थांबतो. तांबूस-नारिंगी पिल्लांचा घोळका हवा घ्यायला सारखा वर येतो. भुरभुर पाऊस तेवढ्या हातभर जागेवरच पडावा, तसं ते पाणी शहारत असतं.

जाणत्याला ही खूण पुरते. घोळक्याखाली बाप आहे, तिथे गळ टाकला की हमखास लागणार. पोट भरलेलं असलं तरी तो तोंड मारतो, कारण गळाचा बेडूक त्याला पिल्लांवर आलेलं संकट वाटतो. बाप एकदा वर काढला की उरलेलं काम इतर मासे, पाणसाप आणि बगळे उरकतात.

असाच घोळका दिसला तेव्हा आमच्यातल्या एकाने लगेच काठी उचलली. शेजारी जाळ्यातली गुंतवळ सोडवत बसलेले म्हातारे भोई मान न वळवता म्हणाले, "राहू द्या दादा, लेकरं राखायलाय त्यो." ज्यांची चूल त्याच पाण्यावर पेटते ते सोडायला सांगत होते. ज्याला घरी जाऊन गरम भाकरी आयती मिळणार होती, त्याचा हात मात्र काठीवरून निघत नव्हता.

ज्या नाथांच्या नावाने पैठणचा जलाशय नाथसागर झाला आणि ज्या जलाशयाचं पाणी डाव्या कालव्याने परभणीच्या शिवारात येतं, त्या एकनाथ महाराजांनी १५७३ साली काशीत भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पूर्ण केली. तिच्यात अवधूताचे चोवीस गुरू येतात. त्यांत मासा आहे, तो जिभेच्या लोभाने गळ गिळतो. कपोतही आहे, तो पिल्लं जाळ्यात सापडलेली पाहून स्वतःही जाळ्यात पडतो. राखणीवरची मरळ दिसायला मासा, पण तिचा अंत कपोताचा. अवधूताने दोघांकडून आपला धडा घेतला: जीभ आवर, आसक्ती आवर. विरक्ताला तो शोभतो. आपण संसारी माणसं मात्र पुष्कळदा कपोताच्या जागी नसतोच, जाळं घेऊन उभ्या असलेल्या व्याधाच्या जागी असतो. कथेतला व्याध कपोताचं सगळं कुटुंब घेऊन समाधानाने घरी जातो. त्याच्यासाठी काय बोध?

तो बोध गळवाल्यांनीच शोधलेला आहे. रे स्कॉट यांनी १९६८ साली अमेरिकेत बास धरणाऱ्यांची संघटना काढली आणि १९७२ पासून तिच्या स्पर्धांत धरलेला मासा जिवंत परत सोडायची शिस्त लागली. पण बासचा नरही घरट्यावर पहारा देतो. त्याला काही मिनिटं उचलून परत सोडलं, तरी तेवढ्यात लहान मासे अंडी फस्त करतात. धरून सोडण्याचा मोठेपणा तिथे उपयोगाचा नाही. म्हणून कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात बऱ्याच भागांत वीण उरकेपर्यंत बास धरायलाच मनाई असते. मासा भरपूर आहे, हमखास लागणार आहे, आणि तरी गळ टाकायचा नाही.

हीच मनाई आपण माणसांच्या व्यवहारात पाळतो का? जून महिना पाहा. पेरणी तोंडावर, शाळा उघडलेली. भावाच्या आशेने घरात ठेवलेला कापूस बाप गाडीत घालून आणतो. घेणाऱ्याला त्याचा चेहरा पाहूनच कळतं, याला आज पैसे लागणारच. भाव तिथेच पडतो. मुलीच्या लग्नासाठी वावर विकायला काढलंय हे समजताच गिऱ्हाईक महिनाभर मुद्दाम फिरकत नाही. तापलेलं लेकरू कडेवर घेऊन दवाखान्याकडे निघालेल्या आईला रिक्षाचं भाडं दुप्पट सांगितलं जातं, आणि ती काही न बोलता बसते. यांतलं कुणीही लोभाने गळाला लागलेलं नाही. काळजीने लागलेलं आहे. आपण ती काळजी बरोबर हेरतो, नेमका तिथे गळ टाकतो आणि वर त्याला व्यवहारचातुर्य म्हणतो.

लोभी माणसाशी खुशाल घासाघीस करावी, तो बरोबरीचा खेळ आहे. पण समोरचा लेकरापायी अडलाय हे कळलं, की त्या दिवशी रास्त भाव द्या आणि रास्तच घ्या. कमाईला वर्षाचे बाकीचे दिवस पडले आहेत.