उशीर कोणाचा?

कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसास एक गोष्ट पुरती ठाऊक असते: अर्जदाराला नकारापेक्षा मौन अधिक जाचते. कागद अमुक मेजावर अडला आहे एवढे कळले, तरी तो निम्मा शांत होतो. परप्रांतात राहणाऱ्या आम्हा लोकांना या मौनाचा दुसरा अनुभव घरी येतो. रविवारी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना तिचा चेहरा मध्येच गोठतो. ती म्हणते, "अरे, तुझ्याकडचंच काहीतरी बिघडलंय." मी म्हणतो, "नाही आई, तुझा फोन जुना झालाय." शेवटी माझ्या आग्रहावरून तिने निवृत्तिवेतनातून नवा फोन घेतला. चेहरा गोठतच राहिला.

दोघांपैकी कोणालाच काही ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते यंत्रांना, आणि ती बोलत नव्हती. हा अलंकार नव्हे. इंटरनेटवरील बराचसा मजकूर ज्या टीसीपी नियमांनी वाहतो, ते नियम पाळणारी संगणकातील व्यवस्था प्रत्येक जोडणीपुरते तीन गोष्टींचे भान ठेवू शकते: पाठवणाऱ्याकडेच पाठवण्याजोगे काही नाही, की घेणाऱ्याकडे जागा उरलेली नाही, की वाट तुंबली आहे. पूर्वी हे ज्ञान तिच्या पोटातच राही. सन २०००च्या सुमारास अमेरिकेत पिट्सबर्ग सुपरकॉम्प्युटिंग सेंटर आदी संस्थांनी 'वेब१००' नावाच्या प्रकल्पात हे मोजमाप उघड करण्याचा मार्ग काढला. २००७ साली त्याची रीतसर सूची आरएफसी ४८९८ म्हणून प्रसिद्ध झाली.

त्याची निकड केवढी होती, हे साध्या गणिताने कळेल. जुन्या नियमांत घेणारा एका वेळी फार तर ६५,५३५ बाइट्स स्वीकारीन असे सांगू शके. पत्र पोचून पोच परत येण्यास सेकंदाचा दहावा भाग लागत असेल, तर वेग सेकंदाला सुमारे ५२ लाख बिट्सपलीकडे जात नाही, मग तार कितीही रुंद असो. १९९२ साली ही मर्यादा वाढवण्याची सोय झाली. पण ती वापरात नसेल तेथे दोष स्वतःच्या घरात आणि शिव्या तारेला, असाच प्रकार.

जो जाणतो त्याने सांगितलेच पाहिजे काय? एरवी मौनाला खोटेपणा म्हणण्यास मी तयार नाही. पण ज्या मौनामुळे निरपराध माणूस दोषी ठरतो, ते मौन निरुपद्रवी म्हणवत नाही.

तथापि रचनाकारांनी हे दुष्टाव्याने झाकले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रत्येकाने वाटेची चिंता वाहायची, तर पत्र लिहायचे कोणी? १९८६च्या ऑक्टोबरात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि शेजारचे बर्कले विद्यापीठ यांमधील वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर कोसळला. त्यावर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली मांडलेल्या उपायात वाट काहीच बोलत नाही. पाकीट हरवले की पाठवणाऱ्याने समजून हात आखडायचा. २००१ साली पाकीट न टाकता त्यावर खूण करण्याची रीत प्रमाणित झाली. म्हणजे शिक्षेऐवजी सूचना आली, पण तीही यंत्राची यंत्राला. माणूस बाहेरच!

उलट बाजूही आहे. २०२१ साली प्रमाणित झालेल्या क्विक नियमांत वाटेवरच्या त्रयस्थापासून जवळजवळ सारे झाकले जाते. फेरीचा काळ बाहेरून मोजता यावा म्हणून एकच बिट उघडा ठेवला आहे, आणि तोही ऐच्छिक. शिवाय तो पाळणाऱ्यांनीही निदान सोळांत एकदा बंद ठेवावा असा दंडक आहे. कारण मौन पाळू इच्छिणारा एकटा पडून डोळ्यांत भरू नये. नियमांच्या रुक्ष पोथीत एवढे सौजन्य आढळावे, याचे मला नवल वाटले. ज्याचा उशीर त्याला कारण कळणे वेगळे, आणि दारावरून जाणाऱ्यास आपल्या घरातले कळणे वेगळे. पहिल्याचा हक्क मी मानतो. दुसऱ्याचा मानावयास मन घेत नाही.

परवा एका तरुण सहकाऱ्याने मला 'पिंग' चालवून दाखवले. माइक म्यूस यांनी १९८३ साली लिहिलेली ही लहानशी आज्ञा: हाक मारावी आणि प्रतिसादास किती वेळ लागला ते मोजावे. आम्ही पहिली हाक माझ्याच राउटरला दिली. उत्तर कधी चटकन येई, कधी येतच नसे. आई राहते शेकडो कोसांवर. उशीर होत होता माझ्या बैठकीच्या आणि झोपण्याच्या खोलीमधल्या भिंतीत.

राउटर हलवला. आईला अजून कळवायचे आहे.