विक्रेत्याचें मौन

जुनी वस्तु विकणारानें तिचा दोष आपण होऊन सांगावा कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं किरकोळ वाटतो. पण नीतिशास्त्र शिकवितांना आमचा अनुभव असा आहे कीं, परोपकार, देशभक्ति, स्वार्थत्याग असल्या थोर विषयांवर विद्यार्थ्यांचें एकमत फार लवकर होतें. मतभेद माजतो तो जुनी सायकल, उसने पैसे आणि शेजाऱ्याचें वर्तमानपत्र यांच्याच बाबतींत. प्रस्तुत लेखाचें निमित्त असेंच क्षुल्लक आहे. तें म्हणजे आमच्या वापरलेल्या लॅपटॉपची बॅटरी. निमित्त पाहूनच वाचकांनीं पान उलटूं नये, एवढी विनंति.

दोन वर्षांपूर्वीं आम्हीं हें यंत्र पुण्यांतील एका दुकानांतून विकत घेतलें. व्हरांड्यांत बसून चार नियतकालिकें वाचावींत आणि परीक्षेचीं गुणपत्रकें तयार करावींत, यापलीकडे आमची अपेक्षा नव्हती. बॅटरीविषयीं विचारलें तेव्हां दुकानदार म्हणाला, "दोन-अडीच तास आरामांत जाते, साहेब." आणि तें खोटें नव्हतें. पहिले दोन महिने ती दोन तास चाले. पुढें दीड तास, मग सव्वा. आणि एके दिवशीं सायंकाळीं कोपऱ्यांतील आंकडा ३४ टक्के दाखवीत असतांनाच पडदा एकाएकीं काळा झाला. चाळीस विद्यार्थ्यांचे गुण भरावयाचे होते. त्यांतले किती वांचले, तें येथें सांगत नाहीं.

यंत्राचा दोष शोधणें ही तर्कशास्त्राची चांगली कसरत आहे. आमच्या पदवी-परीक्षेंतील कित्येक प्रश्नांहून चांगली. प्रथम असें पाहिलें पाहिजे कीं, खर्च वाढला आहे कीं सांठा घटला आहे. पडद्याचा उजेड कमी केला, मागच्या मागें चालणारे कार्यक्रम बंद केले. पंधरा मिनिटांचा लाभ झाला. अर्थात् उधळपट्टी हें मुख्य कारण नव्हे. चार्जर सदोष म्हणावा, तर बॅटरी शंभरापर्यंत भरत होती. उरल्या दोन शक्यता: बॅटरी खरोखरच खालावली असेल, किंवा तिचें मापक चुकत असेल. हीं दोन दुखणीं बाहेरून सारखींच दिसतात, परंतु एकावर उपाय आहे आणि दुसऱ्यावर नाहीं.

बॅटरीच्या आंत एक लहानशी चिप असते. किती वीज आंत आली आणि किती बाहेर गेली याचा ती जमाखर्च ठेवते आणि त्यावरून एकंदर सांठ्याचा अंदाज बांधते. यंत्र सदा चार्जरला जोडून ठेवलें व बॅटरी कधीं पुरती रिकामी होऊं दिली नाहीं, तर हा अंदाज शिळा होतो. यासाठीं ती पूर्ण भरावी, दोन तास तशीच राहूं द्यावी, मग यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत वापरून पुन्हा पूर्ण भरावी, म्हणजे हिशेब ताळ्यावर येतो. विंडोजमध्यें 'पॉवरसीएफजी' या आज्ञेपुढें 'बॅटरीरिपोर्ट' असें लिहिलें असतां एक पत्रकही मिळतें. त्यांत बॅटरी घडविली तेव्हांची क्षमता व आज पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आंकडे असतात. आमच्या पत्रकांत पहिला आंकडा ४८,००० मिलिवॅट-तास होता, दुसरा २७,८००. वरील विधि यथासांग केल्यावर दुसरा आंकडा सुधारून २१,६०० झाला. म्हणजे मूळच्या क्षमतेचे ४५ टक्के. ज्ञान वाढलें आणि मालमत्ता घटली, असा प्रकार झाला.

येथें क्षणभर थांबावेंसें वाटतें. आमचें यंत्र रोज सकाळीं शंभर टक्के भरल्याचें सांगत होतें, आणि तें लबाडी करीत नव्हतें. शंभर टक्के हें प्रमाण आहे. कशाचे, तें यंत्र सांगत नव्हतें आणि आम्हीं विचारलें नव्हतें. कालच्या शंभराहून आजचा शंभर लहान असला तरी दिसावयास दोन्ही सारखेच. पन्नाशी उलटलेल्या माणसानें या गोष्टीवर अधिक न लिहिलेलें बरें.

हा ऱ्हास होतो कसा, तेंही थोडक्यांत सांगितलें पाहिजे. लिथियम-आयन घटांत लिथियमचे भारित कण दोन ध्रुवांमध्यें ये-जा करीत असतात. अगदीं पहिल्याच भरणीच्या वेळीं ग्रॅफाइटच्या ध्रुवावर एक पातळ पापुद्रा धरतो. तो ध्रुवाचें रक्षण करतो, परंतु त्यासाठीं थोडें लिथियम कायमचें खर्चीं पडतें. आणि पुढें तो हळूहळू जाडच होत जातो. उष्णतेनें ही क्रिया वाढते, घट सतत पूर्ण भरलेला ठेवल्यानेंही वाढते. कपाटांत नुसता ठेवला तरी ती थांबत नाहीं. १९९१ सालीं हे घट प्रथम बाजारांत आले आणि २०१९ सालीं त्यांच्या तीन शिल्पकारांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पण पापुद्रा समूळ टाळण्याची युक्ति अद्याप साधलेली नाहीं. तात्पर्य, बॅटरी जुनी होण्यांत कोणाचाच गुन्हा नाहीं. गुन्हा असेल तर तो, ती जुनी झाल्याचें कोणास ठाऊक होतें आणि त्यानें काय केलें, यांत शोधला पाहिजे.

त्या पत्रकांत बॅटरीच्या क्षमतेचा आठवडेवार इतिहासही असतो. आमच्या पत्रकांतला इतिहास मात्र आम्हीं यंत्र घेतलें त्याच आठवड्यापासून सुरू होत होता, कारण विक्रीपूर्वीं दुकानदारानें सारी प्रणाली नव्यानें भरली होती. ही चाल चांगलीच आहे. पूर्वीच्या मालकाचीं पत्रें व छायाचित्रें परक्याच्या हातीं पडत नाहींत. पण पत्रांबरोबर बॅटरीची जन्मकथाही पुसली जाते. दुकानदारास तिची स्थिति ठाऊक होती काय? बहुधा नसावी. परंतु एक ओळ लिहून ती ठाऊक करून घेणें त्याच्या हातीं होतें. जें पाहिलें असतां सांगावें लागेल तें न पाहणें, याला अज्ञान म्हणावें कीं दुसरें कांहीं?

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं हा प्रश्न माणसाच्या अंतःकरणावर न सोडतां दिवसांवर सोडविला. मनूनें खरेदी-विक्रीचा पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांची मुदत दिली आहे. याज्ञवल्क्य अधिक व्यवहारी. तो वस्तूप्रमाणें परीक्षेचा काळ बदलतो. बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरांस पांच, रत्नांस सात, दुभत्या जनावरास तीन. दोष प्रकट होण्यास जितका अवधि लागतो तितकी मुदत, हें यांतील तत्त्व उघड आहे. बॅटरीस त्यानें किती दिवस दिले असते याचा आम्ही कधीं कधीं विचार करतों.

पाश्चात्त्यांनीं वाद अंतःकरणांत नेला. ख्रिस्तपूर्व ४४ सालीं सिसेरोनें आपल्या मुलासाठीं कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यांत एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन तेथें पोंचतो. मागून आणखी गलबतें येत आहेत हें त्यास ठाऊक आहे. त्यानें तें सांगावें काय? बाबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, कायद्यानें सांगावयास लावलें तेवढें सांगावें. न बोलणें म्हणजे लपविणें नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सर्व सांगावें. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूनें आहे. आमचाही आजवर वर्गांत तोच असे.

आपल्या १८७२ च्या करार-कायद्यानें मात्र बव्हंशीं गुरूचा पक्ष घेतला. त्याच्या सतराव्या कलमांत घोड्याचीं उदाहरणें आहेत. घोडा सदोष आहे हें माहीत असून विकणारा लिलावांत गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. पण घेणारी जर नुकतीच सज्ञान झालेली त्याची मुलगी असेल, तर नात्यामुळेंच त्याला सांगणें प्राप्त आहे. आणि घेणारा जर म्हणाला कीं, "तुम्ही नाहीं म्हटलें नाहींत तर घोडा निर्दोष आहे असें मी समजेन," आणि विकणारा गप्प राहिला, तर तें मौन म्हणजे बोलणेंच होय. हीं उदाहरणें आम्हीं कित्येक वर्षें तोंडपाठ म्हणून दाखविलीं आहेत.

गेल्या वर्षीं आम्हीं नवें यंत्र घेतलें आणि जुनें विकण्याचें ठरविलें. आमचा एक माजी विद्यार्थी स्पर्धा-परीक्षेचा अभ्यास गांवीं राहून करतो. गांवीं सायंकाळीं वीज हटकून जाते. त्यास यंत्र हवें होतें. नऊ हजारांस सौदा ठरला. तो घरीं आला तेव्हां यंत्र त्याच्यापुढें ठेवून आम्ही चहाचें सांगण्यास आंत गेलों. बाहेर आल्यावर म्हटलें, "नीट पाहून घे." तो हंसून म्हणाला, "सर, तुमच्याकडून घेतोंय, मग त्यांत पाहायचें काय?"

आम्ही कांहीं बोललों नाहीं. त्यानें पैसे दिले, चहा घेतला, वांकून नमस्कार केला आणि यंत्र पिशवींत घालून तो गेला.

त्या दोन रात्रींत आमच्या बुद्धीनें जीं कारणें पुढें केलीं तीं नमूद करण्यासारखीं आहेत. जुन्या यंत्राची बॅटरी जुनीच असणार, हें शेंबड्या पोरालाही कळतें. किंमत रास्त आहे. आम्हांस तरी कोणी सांगितलें होतें? यांतील प्रत्येक मुद्दा उत्तरपत्रिकेंत आला असतां आम्हीं त्यावर लाल रेघ ओढली असती. विशेष हें कीं, पुण्याच्या त्या दुकानदारावर आम्ही जो आरोप मनांत चालवीत होतों, तो त्यास कदाचित् लागूही नव्हता. तो न जाणतां गप्प राहिला असेल. आम्ही आंकड्यासह जाणत होतों.

तिसऱ्या दिवशीं आम्हीं त्याला फोन केला आणि बॅटरी निम्म्याहून अधिक गेली असल्याचें सांगितलें. तो चटकन् म्हणाला, "ठाऊक आहे, सर. तुम्ही आंत गेलांत तेव्हांच मीं पत्रक काढून पाहिलें होतें. मला वाटलें, तुम्हांला कल्पना नसेल. सांगितलें असतें तर तुम्हांला वाईट वाटलें असतें."

कायद्याच्या दृष्टीनें प्रकरण येथें संपतें. घेणारास सर्व माहीत होतें. फसवणूक झालीच नाहीं. पण आमच्या दृष्टीनें तें येथें सुरू झालें. आम्ही गप्प राहिलों तें ज्याला कांहीं ठाऊक नाहीं असें आम्ही समजत होतों त्याच्यापुढें. त्याला तें ठाऊक निघालें हा केवळ योगायोग. शिवाय त्यानें आपण होऊन आमच्यासाठीं एक दार उघडें ठेवलें होतें: "तुम्हांला कल्पना नसेल." आतां नुसतें 'हूं' म्हटलें असतें तरी चाललें असतें. पहिल्यापेक्षां हें दुसरें मौन किती स्वस्त होतें! यांत पैशाचाही प्रश्न नव्हता.

किंचित् वेळानें आम्ही म्हणालों, "मला ठाऊक होतें." पलीकडून कांहीं वेळ आवाज आला नाहीं. मग तो म्हणाला, "बरें, सर. नवी बॅटरी तीन हजारांपर्यंत येईल." आम्हीं तेवढे पैसे त्याच दिवशीं परत पाठविले. त्यानें बॅटरी बदलली. जुनी काढली तेव्हां ती मध्यें फुगलेली होती, असें तो म्हणाला. अशी बॅटरी टोंचूं नये, उन्हांत ठेवूं नये, घरच्या केरांत तर मुळींच टाकूं नये. ती ई-कचरा घेणाराकडेच गेली पाहिजे. तीही त्यानें तालुक्यास जाऊन तशी पोंचविली.

तो अजून आमच्याकडे येतो. परवां एक पुस्तक नेण्यास आला होता. पूर्वीं आम्हीं दिलेलें पुस्तक तो तसेंच पिशवींत टाकीत असे. या वेळीं त्यानें तें उघडलें आणि आमच्यासमोर पानें चाळून पाहिलीं. तो अनुक्रमणिका पाहत असावा.