बाबराचा मावसभाऊ

बाबराच्या आत्मचरित्रात नातलगांची एक लांबलचक जंत्री येते: कोणती कन्या कुठे दिली, तिला मुले किती, त्यांतला कोण कुठल्या रणात पडला. वाचक सहसा ती पाने भराभर उलटतो. मी मात्र तिथल्या चार ओळींपाशी दरवेळी रेंगाळतो. मिर्झा हैदर दुघलात या आपल्या मावसभावाविषयी बाबर सांगतो, की त्याचा हात प्रत्येक कामात बसलेला आहे. अक्षर, चित्र, बाण, बाणाचे फाळ, इतकेच काय, धनुष्याची दोरी ओढताना अंगठ्यात घालायची कडीसुद्धा तो स्वतः घडवतो. शिवाय कवितेचे अंग उपजत आहे. ही कडी बोटाला अचूक बसावी लागते, नाहीतर दोरी सुटताना अंगठा सोलवटतो आणि नेमही चुकतो. राज्ये जिंकायला निघालेल्या माणसाने भावाच्या या बारीक कारागिरीची नोंद ठेवावी, यातले प्रेम मला मोठमोठ्या फर्मानांहून अधिक खरे वाटते.

मध्य आशियातल्या मोगलिस्तानच्या यूनुस खानाच्या दोन मुली, कुतलुग निगार आणि खूब निगार. पहिलीचा मुलगा बाबर, दुसरीचा हैदर, आणि दोघांच्या वयात सुमारे सोळा वर्षांचे अंतर. 1507 साली हैदरच्या वडिलांनी काबूलमध्ये बाबराविरुद्धच्या बंडात हात घातला. बंड फसल्यावर ते अंथरुणांच्या ढिगाऱ्यात लपलेले सापडले, आणि बाबराने त्यांना जिवंत सोडले. पुढे उझबेकांच्या शैबानी खानाने त्यांना ठार केले आणि पोरका झालेला तो लहान मुलगा काबूलला त्याच बाबराच्या आश्रयाला आला. त्या बंडाविषयी बाबर आणि हैदर दोघांनीही लिहिले आहे. बाबराच्या लेखणीत कृतघ्नतेची चीड अजून धुमसते. हैदरच्या लेखणीत बापाचा अपराध आणि भावाचे औदार्य एकाच श्वासात येतात, आणि त्या दोहोंपैकी काहीही कमी करावे असे त्याला वाटत नाही. स्वतःच्या बापाविषयी इतके सरळ लिहायला, तुम्हीच सांगा, किती धैर्य लागत असेल!

राजकुलातल्या धाकट्या शाखेत जन्म घेणे म्हणजे सिंहासनाच्या इतक्या जवळ राहणे, की त्याची ऊबही लागावी आणि झळही. 1512 मध्ये हैदर बाबराला सोडून सुलतान सईद खानाकडे, म्हणजे मामेभावाकडे गेला आणि पुढची वीसेक वर्षे काश्गरच्या त्या राज्यासाठी झिजला. लडाखवरून ल्हासाच्या दिशेने निघालेल्या मोहिमेत विरळ हवेने माणसांचे श्वास अडत, झोप उडे, हातपाय सुजत, घोडे जागीच कोसळत. या व्याधीला तो ‘दमगीरी’ म्हणतो आणि तिची लक्षणे वैद्याच्या बारकाईने मांडतो; तिनेच 1533 मध्ये लडाखहून परतणाऱ्या सईद खानाचा घास घेतला. हैदर ल्हासाला पोचलाच नाही. तरी त्या अर्धवट राहिलेल्या वाटेचे वर्णन वाचताना वाटते, की विजेत्याला अशी दृष्टी क्वचितच लाभते; मुक्काम हाती आला की वाट विस्मरणात जाते.

सईदचा मुलगा रशीद गादीवर आला. ज्याच्या बरोबरीने हैदरने मोहिमा केल्या, त्याच रशीदने हैदरच्या चुलत्याचा वध करवला. परतीची वाट बंद झाली. मग लाहोर, आग्रा, 1540 मध्ये कनौजला बाबरपुत्र हुमायूनच्या बाजूने पाहिलेला पराभव, आणि त्याच वर्षअखेरीस काश्मीर. तिथे सत्ता सगळी हैदरच्या हाती, पण तख्तावर बसवलेला सुलतान नाजुक शाह. तिथेच त्याने फारसीत आपल्या कुळाचा इतिहास लिहिला आणि त्याला नाव दिले ‘तारीख-इ-रशीदी’. नावाची जी कारणे तो देतो त्यांत रशीदचे राज्य हेही एक आहे. ज्याने घर उद्ध्वस्त केले त्याचेच नाव आपल्या ग्रंथावर! यात मुत्सद्देगिरी किती, क्षमा किती आणि मायदेशाची ओढ किती, हे मला अजून उलगडलेले नाही. कदाचित त्या तिन्हींचा पीळ त्यालाही सोडवता आला नसावा.

त्याच्याविषयीचा माझा जिव्हाळा एका ठिकाणी अडखळतो. काश्मीरमधल्या नूरबख्शी या सूफी पंथाच्या लोकांना त्याने निष्ठुरपणे छळले, आणि ते करताना आपण धर्मकार्यच करीत आहोत अशी त्याची खात्री होती. बापाच्या दोषाकडे इतक्या निर्मळपणे पाहणारी नजर स्वतःच्या कठोरतेपाशी आंधळी व्हावी, हे मला फार खुपते. 1551 च्या सुमारास त्याच्याविरुद्ध उठाव झाला आणि रात्रीच्या धुमश्चक्रीत तो मारला गेला. एका वृत्तान्ताप्रमाणे त्याच्याच माणसाचा बाण अंधारात त्याला लागला.

ग्रंथाचे दोन भाग आहेत, आणि त्याने दुसरा आधी लिहिला. पूर्वीच्या खानांची क्रमवार कथा त्याने मागे ठेवली. आधी कागदावर उतरले ते त्याने स्वतः पाहिलेले: काबूल, काश्गर, तिबेटची थंडी, मावशीचा मुलगा. आज मोगलिस्तानच्या त्या खानांविषयी अभ्यासक जे सांगू शकतात, त्याचा फार मोठा भाग या एका माणसाच्या लेखणीतून आलेला आहे. ज्यांच्या राज्यात त्याला कधी पहिले आसन मिळाले नाही, त्या सगळ्यांना आता त्याच्याच पानांत जागा शोधावी लागते.